वेतन, विश्रांती आणि व्यवसायनिष्ठा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
हाती चार पैसे आले की मजूर कामावर फिरकत नाही, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे गिरणीमालक ती करीत. आज गोदाकाठच्या ऊसपट्ट्यातही ती ऐकू येते. व्यवसायनिष्ठा हा स्वभावाचा गुण आहे, असे या तक्रारीत गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात हे गृहीतक इतिहासाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबईचा गिरणी कामगार :
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील काळात कोकणातून व घाटावरून हजारो कुटुंबे गिरणगावात आली. विजेचे दिवे येण्यापूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त हीच कामाची वेळ असे. सणावाराच्या काही सुट्ट्या मिळत. परंतु आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. पगार मासिक असला तरी महिना उलटल्यावरही तो बरेच दिवस मालकाकडे राही. कामगाराने नोकरी सोडू नये, हा त्यामागील एक हेतू होता. परिणामी कामगार वाण्याच्या उधारीवर व सावकाराच्या व्याजावर जगे. सुट्टी मिळत नाही म्हणून तो खाडे करी, शिमग्याला किंवा पेरणीला गावी निघून जाई. मालक त्यास आळस म्हणत.

लोखंडे यांच्या मागण्या :
सत्यशोधक कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) यांनी या प्रश्नाची वेगळी मांडणी केली. सप्टेंबर १८८४ मध्ये झालेल्या कामगारसभांतील निवेदनावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे मर्यादित तास, अपघातग्रस्तास साहाय्य आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा या मागण्या होत्या. येथे विश्रांती आणि पैसा हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडलेले दिसतात. मागणी केवळ अधिक पैशाची नव्हती, तर पैसा व वेळ या दोहोंच्या निश्चितीची होती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने ही सुट्टी मराठी कामगाराच्या जीवनक्रमाशीही जुळणारी होती. वेतनाचा प्रश्न मात्र रेंगाळला. ठरावीक मुदतीत पगार देण्याचे कायदेशीर बंधन १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने आले. म्हणजे त्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील बेशिस्तीचे मूळ कामगाराच्या ग्रामीण मनोवृत्तीपेक्षा मालकांच्या व्यवस्थापनपद्धतीत शोधले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

गोदाकाठचे वर्तमान :
शहागड हे अंबड तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव. नदीपलीकडे गेवराई तालुका लागतो. मराठवाड्याच्या या भागातून दरवर्षी ऊसतोड मजूर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. येथे व्यवहाराची दिशा उलटी आहे. गिरणीत पगार उशिरा मिळे; ऊसतोडीत ‘उचल’ आधीच मिळते. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो, टनावर मजुरी ठरते आणि एका दिवसाच्या खाड्याचा दंड भरावा लागतो. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पैसा थकवून असो वा आगाऊ देऊन, दोन्हीकडे मजूर ऋणानेच बांधला जातो आणि विश्रांतीवर त्याचा हक्क उरत नाही.

निष्कर्ष :
ऋणाने टिकवलेली हजेरी म्हणजे व्यवसायनिष्ठा नव्हे. पगाराचा दिवस आणि विश्रांतीचा दिवस ज्यास आधी ठाऊक असतो, तोच आपल्या कामाकडे आयुष्याचा आधार म्हणून पाहू शकतो. लोखंडे यांनी हे सूत्र १८८४ मध्येच ओळखले होते. गिरणी कामगारास रविवार मिळाला. उसाच्या फडात तो अद्याप पोहोचावयाचा आहे. मजुराच्या निष्ठेविषयी निर्णय देण्यापूर्वी त्याच्या वाट्याला कोणता पैसा आणि कोणता वेळ आला, याचा विचार होणे अगत्याचे आहे.