गेलेला प्रशिक्षक परत बोलवावा का?

आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. हे आधीच सांगावं लागतं, कारण मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचंच आठवतं. इथे फुटबॉल म्हणजे संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जमणारे वीस-बावीस पोट्टे, दोन चेंडू आणि बांबूचे गोल. या पोट्ट्यांच्या मंडळात सध्या वाद पेटलाय. ज्या सरांनी मंडळ उभं केलं, त्यांना सहा वर्षांपूर्वी काढलं. आता त्यांना परत बोलवायचं का? मी तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून मंडळी माझ्याकडे आली. "सर, असं आधी कुठी झालं असंल तर सांगा."

झालंय, आणि फार लांब नाही, गोव्यात. मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक. हैदराबादला त्यांनी २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकून दिली, २०२३ मध्ये ते एफसी गोवाकडे आले. जुलै २०२४ मध्ये भारतीय संघही त्यांच्याकडे सोपवला गेला. वर्षभर एक पाय गोव्यात आणि एक देशाच्या संघात. मे २०२५ मध्ये गोव्याने भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून सुपर कप जिंकला आणि मानोलोंनी क्लबचा निरोप घेतला. पण देशाच्या संघाबरोबर त्यांचं जमलं नाही. आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. जूनमध्ये हाँगकाँगकडून हरल्यावर जुलैत ते त्या पदावरून मोकळे झाले. त्याच महिन्यात गोव्याने त्यांना परत घेतलं. ऑगस्टमध्ये फातोर्ड्याला ओमानच्या अल सीबला २-१ हरवून संघ आशियाई स्पर्धेच्या गटात पोचला, आणि ऑक्टोबरमध्ये अल नस्रसारखा तालेवार संघ गोव्यात खेळायला आला.

पण हे उदाहरण आमच्या कामाचं नाही, असं मला लगेच वाटलं. मानोलोंना कुणी काढलं नव्हतं. भांडण नव्हतं, खेळाडू बहुतेक तेच होते, मध्ये गेले ते जेमतेम दोन महिने. ही तर माहेरी जाऊन आल्यासारखी गोष्ट.

भांडणाचं उदाहरण त्याच क्लबच्या इतिहासात आहे. सर्जिओ लोबेरा. त्यांचा गोवा संघ देखणा खेळायचा. ३१ जानेवारी २०२० रोजी, साखळीतले थोडेच सामने उरलेले असताना, क्लबने त्यांना काढलं. क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेलं काम निभावलं, गोव्याने साखळीत पहिलं स्थान मिळवलं. म्हणजे निर्णय बरोबर ठरला म्हणायचा? पुढच्याच हंगामात लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि साखळी व अंतिम सामना दोन्ही जिंकले. कोरोनामुळे ती सगळी स्पर्धा गोव्यातच खेळली गेली, त्यामुळे तो करंडक उचलला गेला तोही फातोर्ड्यावर! गोव्याने त्यांना कधी परत बोलावलं नाही.

बाहेर बघितलं तर दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात. केनी डाल्ग्लिश १९९१ मध्ये लिव्हरपूल सोडून गेले ते वीस वर्षांनी परतले. एक लीग कप मिळाला, आणि २०१२ मध्ये त्यांना नारळ दिला गेला. झिदान रेआल माद्रिदला तीन युरोपियन कप देऊन २०१८ मध्ये गेले, दहा महिन्यांत परतले. दुसऱ्या खेपेला स्पेनची लीग मिळाली, युरोपियन कप नाही. आपल्या देशाच्या संघाने स्टीफन कॉन्स्टंटाईन यांना दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, पुन्हा आणलं. त्यांनी जुन्या नावांना न चिकटता नवी मुलं उभी केली आणि संघ जागतिक क्रमवारीत १७३ वरून शंभराच्या आत गेला. म्हणजे परत येणारा माणूस जुना असला तरी चालतं. त्याने जुनाच संघ शोधू नये.

मला मात्र सगळ्यात अडवलं ते युप हाइंकेस यांनी. बायर्न म्युनिकने त्यांना १९९१ मध्ये काढलं. काढणारे उली होनेस पुढे उघडपणे म्हणत राहिले की ती आपली मोठी चूक होती. २००९ मध्ये हाइंकेस थोड्या दिवसांसाठी आले, २०११ मध्ये पुन्हा आले आणि २०१३ मध्ये एकाच हंगामात जर्मन लीग, जर्मन कप आणि युरोपियन कप जिंकून दिले. २०१७ मध्ये निवृत्तीतून उठून परत आले, परत लीग जिंकली.

याच्या उलट टोकाला आपल्याकडचे नाना फडणीस. १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद केलं, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. पुढच्याच वर्षी त्यांना सोडून कारभारात परत आणलं गेलं, कारण त्यांच्यावाचून गाडा हलेना. पण दुसऱ्या बाजीरावाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि नानांचाही त्याच्यावर नसावा. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. पद परत दिलं होतं, शब्दाचं वजन दिलं नव्हतं.

हे सगळं मंडळाला सांगताना मी एक गोष्ट टाळत होतो. सरांना काढण्याच्या कागदावर माझीही सही आहे. सर उशिरा येतात, मुलांवर ओरडतात, पैशांचा हिशोब तोंडी देतात, असं त्यात लिहिलं होतं. हिशोबाचं खरं होतं. ओरडण्याचंही. पण त्यांच्या वेळी पोट्टे पावसाळ्यातही मैदानावर असायचे, आणि आता सोयाबीन सोंगायचे दिवस आले की मैदान रिकामं.

बैठकीत मी म्हणालो, बोलवा. हिशोब दुसऱ्याने ठेवावा, सरांनी मैदान बघावं. आणि निरोप चिठ्ठीने पाठवू नका; ज्यांनी सही केली त्यांनी घरी जावं.

रविवारी मी एकटाच गेलो. बाकीच्या दोघांना कामं निघाली. सरांनी चहा दिला, जुना विषय काढलाच नाही. मीच काढला. ते ऐकून घेत राहिले आणि मग एवढंच विचारलं, "आत्ता गोलमध्ये कोण उभा राहते?"

मला नाव सांगता आलं नाही.