सेगावचा पत्ता

गावाचे नाव बदलते ते बहुधा राज्यकर्त्यांच्या लहरीने किंवा एखाद्या थोर पुरुषाच्या स्मृत्यर्थ. परंतु वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगावचे १९४० साली सेवाग्राम झाले, त्यामागे टपालाची अडचण होती, ही गोष्ट चरित्रकारांनी नोंदविली असली तरी तिचे मर्म फारसे कोणी उकललेले नाही. वर्ध्यावरून जाणाऱ्या लोहमार्गावरच, पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतील सेगावी राहावयास आले, तेव्हापासून देशोदेशींच्या पत्रांचा ओघ तेथे सुरू झाला आणि नामसादृश्यामुळे त्यांतील कित्येक पत्रे आधी शेगावची वारी करून मग आपल्या मुक्कामी पोहोचू लागली. गाडी वेळेवर होती, डाकवाला इमानी होता; चूक होती ती केवळ पत्त्यात.

दळणवळणाचा इतिहास लिहिणारे वेगाचे कौतुक करतात आणि पत्त्याला विसरतात. भोसल्यांच्या अमलात खलिता घेऊन जासूदजोडी निघे, आणि पुढे कंपनीच्या डाकेत चौकीगणिक हरकारा बदले. १८६२ साली नागपुरातून तोडून वर्धा जिल्हा स्वतंत्र केला गेला, त्याचे सदर ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याहून १८६६ साली पालकवाडीच्या जागी वसविलेल्या वर्धा या नव्या शहरात आले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. लोहमार्गाबरोबर तारही आली; पण दूरची तार मधल्या कचेरीत कारकुनाने कानांनी ऐकून कागदावर उतरवावी आणि पुन्हा पुढे ठोकावी, हीच पद्धत होती. हरकारा गेला, पण मधला माणूस काही गेला नाही.

सेवाग्रामास तो मधला माणूस गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या रूपाने लाभला होता. गांधीजी सेगावी गेल्यावरही ते काही काळ वर्ध्याच्या मगनवाडीतच राहत आणि टपाल व कागदपत्रे घेऊन पायी जात-येत. वैशाखातही, जेव्हा वर्ध्याचे ऊन पंचेचाळीस अंशांची मर्यादा सहज ओलांडते. आणि कित्येकदा दिवसातून दोन खेपा पडत. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी बोलणे व्हावे म्हणून बसविलेला दूरध्वनी आश्रमात आजही जपलेला आहे आणि प्रेक्षक त्याच्यापाशी थबकतात. माझ्या मते थबकावे ते त्या पाच-साडेपाच मैलांच्या वाटेवर.

टपाल आणि तारेला पर्याय म्हणून बिनतारी यंत्राचा तेव्हा उपयोग होण्यासारखा नव्हता. महायुद्ध सुरू होताच सरकारने छंद म्हणून बिनतारी यंत्र चालविणाऱ्या हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले होते. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चले जाव म्हणणारा ठराव केला; त्यानंतर मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले, त्याचे सामर्थ्य आपला ठावठिकाणा लपविण्यातच होते, आणि १२ नोव्हेंबरला तो उघडा पडताच केंद्र संपले.

शांततेच्या काळातील हौशी रेडिओचा कायदा याच्या नेमका उलट आहे : परवानाधारकाने आपली संज्ञा, म्हणजे आपल्या ठाण्याचे ठरवून दिलेले नाव, उच्चारल्यावाचून बोलूच नये. भारतात ती 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. १९७८ साली मॉन्ट्रियलच्या हौशी मंडळींनी याच लहरींवरून अंकांच्या पुडक्यांत संदेश पाठविण्याचा प्रयोग केला, त्यातून पॅकेट रेडिओ जन्मास आला. प्रत्येक पुडके म्हणजे लिफाफाच : आधी ज्याला पाठवायचे त्याची संज्ञा, मग पाठविणाऱ्याची, आणि त्यानंतर मधल्या ठाण्यांची यादी, जुन्या नियमांनुसार फार तर आठ. संज्ञेत सहापर्यंत अक्षरे आणि शेवटी शून्य ते पंधरा असा एक आकडा, कारण एकाच माणसाची घरची, मोटारीतली आणि टेकडीवरची ठाणी निराळी ओळखावी लागतात. यादीत आपले नाव आले व त्याच्या आधीची सर्व नावे हातावेगळी झाली, असे दिसले तरच मधले ठाणे पुडके पुन्हा उच्चारते आणि आपल्या नावापुढे खूण करते. पडद्यावर ती तारकेच्या रूपात दिसते. शेवटची पडताळणीची बेरीज जुळली नाही तर पुडके निमूटपणे टाकून दिले जाते, तक्रार होत नाही.

अशा पुडक्यांच्या संचाची मांडणी करताना नवशिका पहिल्याच, म्हणजे विलंबाच्या, रकान्यात अडखळतो. प्रक्षेपणाची कळ दाबल्यावर यंत्र पूर्ण शक्तीने बोलू लागेपर्यंत क्षणाचा काही अंश जातो. तेवढा विलंब दिला नाही तर पुडक्याचे तोंडच, म्हणजे पत्ताच, कापला जातो. हे मूल्य दहा मिलिसेकंदांच्या मापात देतात. ३० लिहिले की ३०० मिलिसेकंद. ध्वनीची पातळी फार चढविली तर सेकंदाला १२०० अंक वाहून नेणारी पुडक्याची शीळ विकृत होते, आणि दोष मात्र बिचाऱ्या अँटेनावर येतो.

१९९९ चे ओडिशाचे चक्रीवादळ आणि २००१ चा भूजचा भूकंप यांत हौशी रेडिओवाल्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. तारेची सरकारी सेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली, तिची जागा काही अंशी हीच मंडळी भरू शकतील. वर्धा जिल्ह्यात जो कोणी दिल्लीचा परवाना मिळवून १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असा संच उभारील, त्याने मार्गाच्या रकान्यात एका-दोघांहून अधिक ठाणी लिहू नयेत, ही विनंती. वारंवारता सर्वांची एकच असते आणि एका पुडक्याचा आठ ठिकाणी पुनरुच्चार झाला की तेवढा वेळ बाकीच्यांना गप्प बसावे लागते.