मालदीवमधली भाड्याची खोली

मालदीव म्हटलं की पाण्यावरच्या लाकडी खोल्या आणि डोळे पांढरे करणारी बिलं आठवतात. पण स्वस्तातही जाता येतं. मालेच्या धक्क्यावरून सार्वजनिक फेरी पकडायची (शुक्रवार सोडून, त्या दिवशी फेऱ्या बंद), दीड-दोन तासांत माफुशी बेट, तिथे एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर खोली. 2009 च्या आधी पंचवीसेक वर्षं मात्र हे करताच येत नव्हतं. कायदाच आडवा यायचा.

तशी परक्यांना ठेवून घ्यायची या बेटांना जुनी सवय. 1602 मध्ये फ्रान्सहून निघालेलं ‘कॉर्बिन’ नावाचं जहाज इथल्या खडकांवर फुटलं. त्यातून वाचलेला फ्रांस्वा पिरार जवळपास पाच वर्षं इथे अडकला. तो टिकला त्याचं मोठं कारण म्हणजे स्थानिक दिवेही भाषा शिकला. गंमत बघा, ज्या बेटांवरून बंगालला चलन म्हणून कवड्यांनी भरलेली जहाजं जायची, तिथेच हा गडी फुटक्या कवडीला महाग होऊन पोचला होता. पुढे तो गोव्याला गेला, तिथल्या इस्पितळात राहिला आणि त्याबद्दलही भरभरून लिहिलं.

1972 मध्ये कुरुंबा बेटावर पहिलं रिसॉर्ट उघडलं. पाहुणे आणणाऱ्या इटालियन माणसाचं आडनावही कॉर्बिनच, निव्वळ योगायोग. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, झावळ्यांची छपरं, एवढाच थाट. त्याच दशकात पाठीवर पिशवी टाकून आलेली गोरी पोरं धोणीत बसून कोळ्यांच्या बेटांवर जायची, कुणाच्या तरी घरी झोपायची, मासे आणि भात खायची. पैसे थेट त्या घरात जायचे.

1984 मध्ये सरकारने हे बंद केलं. परक्यांच्या वागण्याने मुस्लिम गावं बिघडतील, ही भीती होती. ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकातल्या गोव्याचा अनुभव विचारून बघा. पण त्यातून जी व्यवस्था पक्की झाली, तिचा फायदा कुणाला झाला हेही बघायला हवं. साधारण बाराशे बेटं, वस्ती जेमतेम दोनशेंवर. रिकामं बेट भाडेपट्ट्याने घ्यायचं, एका बेटावर एकच रिसॉर्ट. पट्ट्याचे पैसे सरकारला, नफा मालेतल्या मोजक्या घराण्यांना आणि परदेशी कंपन्यांना. गावातल्या पोराने तिथे जायचं ते कामगार म्हणून, महिनोन्‌महिने घर सोडून. गावात राहिलेल्याला पर्यटक दिसायचा तो लांबून, बोटीतून जाताना.

मग माफुशी. हे बेट तेव्हा ओळखलं जायचं ते तुरुंगासाठी. सप्टेंबर 2003 मध्ये तिथे इवान नसीम हा तरुण कैदी मारहाणीत मेला. मालेत दंगल उसळली, मौमून अब्दुल गयूम यांच्या दीर्घ राजवटीला तिथून तडे जायला लागले. 2008 मध्ये पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली आणि मोहम्मद नशीद निवडून आले. त्यांच्याच काळात वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना परवानगी मिळाली, आणि सगळ्यात जास्त गेस्टहाऊस उभी राहिली ती माफुशीत. पुढे 2015 मध्ये नशीद यांनाच शिक्षा झाली आणि त्यांना याच बेटावरच्या तुरुंगात आणलं. एका टोकाला कैदेतले माजी अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला त्यांच्या निर्णयामुळे किनाऱ्यावर पहुडलेले पाहुणे.

1984 ची भीती मात्र गेली नाही, तिला फक्त कुंपण घातलं गेलं. ‘बिकिनी बीच’ वेगळा, आडोशाचा. बाकी गावात अंगभर कपडे घाला, अशी पाटी. मला इथे इब्न बतूता आठवतो. 1343 मध्ये तो आला, काझी झाला, आणि इथल्या बायका कमरेच्या वर उघड्या फिरतात म्हणून अस्वस्थ झाला. त्यांनी अंग झाकावं असा त्याने बराच आटापिटा केला. जमलं नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा बाहेरचा माणूस गावाला कपडे सांगत होता, आता गाव बाहेरच्यांना सांगतं.

दारू गावात आजही बंद. ती हवी असेल तर बेटापासून जरा दूर नांगरलेल्या बोटीवर जावं लागतं. न्यायला-आणायला छोटी होडी असते.