काळी, पांढरी आणि चुना

आपल्या जुन्या महसुली कागदपत्रांत दोन शब्द नेहमी जोडीनें येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे गांवठाण. ही केवळ कारकुनी विभागणी नव्हे. ज्या कोणीं हे शब्द प्रथम योजिले त्यानें मातीचा स्वभाव नीट ओळखला होता. काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस व ज्वारी यांना ती माउलीसारखी असली तरी भिंतीला ती वैरीण आहे. घर बांधावयाचें तें पांढरीवर आणि पुष्कळ अंशीं पांढरीचेंच. ही पांढरी माती बहुधा जुन्या वस्तीच्या टेकाडांतून खणून काढीत. तिच्यांत पूर्वींच्या भिंतींचा चुरा असे, चुलींतली राख असे, शेंकडों वर्षांचा संसार असे. पणजोबांच्या पडलेल्या भिंतीची माती नातवाच्या छपरावर चढावी, अशी ती व्यवस्था होती.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील बांधकामाच्या इतिहासाविषयीं मला आज बोलावयाचें आहे. या इतिहासाच्या दोन शाखा आहेत. एक किल्ल्यांची, मशिदींची आणि महालांची. दुसरी साध्या दगडमातीच्या घरांची. पहिलीवर ग्रंथ झाले. हैदराबाद संस्थानचें पुराणवस्तुखातें १९१४ मध्यें स्थापन झालें आणि त्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी यांनीं बीदरच्या इमारतींवर १९४७ मध्यें प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजहि अभ्यासकांच्या हातांतून सुटत नाहीं. दुसरीकडे मात्र विद्वानांचें फारसें लक्ष गेलें नाहीं. तें गेलें तें एका भयंकर पहाटेनंतर. त्या पहाटेकडे मी पुढें येणारच आहे.

प्रथम कंधारकडे चलूं. नांदेड जिल्ह्यांतील हें गांव राष्ट्रकूटांच्या काळीं मोठ्या वैभवाचें होतें. तिसऱ्या कृष्णाच्या बिरुदांत कंधारपुराचें नांव येतें, आणि गांवाजवळचा जगत्तुंग समुद्र नांवाचा विस्तीर्ण तलाव त्या काळाची साक्ष देतो. पुढें तुघलक आले, १३४७ मध्यें बहमनी राज्य स्थापन झालें, आणि भुईकोटाला नवे तट, नवे बुरूज व नव्या कमानी मिळाल्या. एकाच कोटांत दोन शिल्पपद्धति येथें शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात. जुनी पद्धति खांब आणि तुळई यांची. दगड इतका नेमका घडवावयाचा कीं सांध्यांत कांहींहि न भरतां तो स्वतःच्या भारानें बसावा. ज्याला आपण हेमाडपंती म्हणतों तें काम याच जातीचें. तिचा कमकुवतपणा एकच. आडव्या दगडी तुळईला खालच्या अंगानें ताण बसतो, आणि दगड दाब कितीहि सोसतो पण ताण सोसत नाहीं. म्हणून खांब जवळ जवळ घ्यावे लागतात व दालन अरुंद राहतें.

कमानीनें हा प्रश्न सोडविला. कमानींतला प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, ताण कोठेंच राहत नाहीं, आणि पंधरा-वीस हातांचा गाळा मध्यें खांब न घालतां मोकळा करतां येतो. पण कमानीला व घुमटाला सांध्यांत भरावयास कांहीं तरी चिकट व टिकाऊ लागतें. तें म्हणजे चुना. चुना आधीं ठाऊक नव्हता असें मुळींच नाहीं. परंतु मोठ्या इमारतीचा सांधा म्हणून त्याचा सढळ वापर दख्खनमध्यें या काळांत रूढ झाला.

या चुन्याबद्दल दोन शब्द अधिक बोलण्याचा मोह मला आवरत नाहीं. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तिच्यांतील कर्बवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवावयाचा, मुरवावयाचा, वाळू किंवा विटांची सुरखी घालून घाणींत मळावयाचा. बैल गोल फिरत आहे, दगडी चाक चरांतून कुरकुरत आहे, हें दृश्य आमच्या आजोबांच्या पिढीला अगदीं परिचयाचें होतें. कोणी गुळाचें पाणी घालीत, कोणी बेलफळाचा चीक, कोणी उडदाचें पीठ. असा चुना भिंतींत गेला कीं भट्टींत गमावलेला वायु हवेंतून हळू हळू परत शोषूं लागतो आणि पुन्हां दगड होतो. हें काम वर्षानुवर्षें चालतें. म्हणूनच चुन्याचा सांधा प्रारंभीं मऊ असतो, इमारत थोडी खचली तर तो तिच्याबरोबर वांकतो, बारीक भेग पावसाच्या पाण्यानें स्वतःच भरून काढतो. आजचा सिमेंट एका दिवसांत घट्ट होतो खरा. पण जगांत माणसाच्या उद्योगांतून हवेंत जाणाऱ्या कर्बवायूपैकीं शेंकडा सात ते आठ हिस्सा एकट्या सिमेंटचा आहे, आणि घट्ट झाल्यावर त्याला वांकणें माहीत नाहीं. मराठवाड्याच्या मातीला असले प्रयोग नवे नाहींत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचा चुरा मिसळलेला होता असें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

लातूर जिल्ह्यांतला औशाचा भुईकोट मला या सर्वांत अधिक चतुर वाटतो. किल्ला म्हटला कीं उंचवटा हवा, असा आपला समज असतो. औशाचा कोट नेमका खोलगट जागीं आहे. भोंवतालची जमीन उंच असल्यामुळें शत्रूला तो अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं, आणि बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मात्र दूरची धूळहि दिसते. १६३६ मध्यें शहाजहानचा सरदार खान दौरान यानें औसा आणि उदगीर हे दोन्ही कोट घेतले. उदगीरचें नांव आपल्या तोंडीं असतें तें १७६० मधील सदाशिवरावभाऊंच्या निजामावरील विजयामुळें. परंतु लढाईच्या वर्णनांत तट, खंदक आणि दरवाज्यांची वळणें कोणीं रचलीं हें कोणी विचारीत नाहीं.

थोडें जिल्ह्याबाहेर जावयाची परवानगी असेल तर नळदुर्गचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानींत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर तेथें जें धरण बांधलें गेलें त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. पुराचें पाणी धरणावरून कोसळत असतां माणसें आंत कोरडीं बसून तें पाहूं शकतात. चुन्यावर एवढा विश्वास टाकणारा गवंडी धन्य म्हटला पाहिजे. आणि उदगीरच्या पलीकडे बीदर. महमूद गवानाचा मदरसा १४७२ मध्यें तेथें उभा राहिला तो खुरासानी नमुन्यावर, रंगीत चिनी मातीच्या फरश्यांनीं मढविलेला. पण त्याच गांवच्या रंगीन महालांत जा: तेथें भिंतीवर इराणी फरशी आहे आणि तिच्या शेजारीं कोरीव लांकडी खांब व कणे आहेत, ते थेट आपल्या वाड्याच्या सोप्यांतले. इराणी कारागीर आणि दख्खनी सुतार एकाच छपराखालीं काम करीत होते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

या लांकडी खांबावरूनच मी दुसऱ्या शाखेकडे वळतों. लातूर-नांदेडकडचें जुनें घर म्हणजे माळवद. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर किलचाच्या फळ्या, पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर खणांनीं मोजावयाचें. "आमचें बारा खणांचें घर" असें म्हणतांना माणसाची मान ताठ होत असे. भोंवतीं दोन-अडीच हात रुंदीची दगडी भिंत, मातींत रचलेली. वैशाखांत या घरांत शिरलें कीं अंग निवतें. रात्रीं माळवदावर अंथरूण टाकावें, दिवसा तेथेंच मिरच्या, कुरडया वाळवाव्या. माझें आजोळ औसा तालुक्यांत. मृगाच्या आधीं आजी गड्यांकडून पांढऱ्या मातीच्या पाट्या वर चढवून घेई व चोपण्यानें थर चोपून घेई. गळती लागूं नये म्हणून हा दर वर्षाचा नेम. तिच्या आधीं तिच्या सासूनेंहि तेंच केलें होतें.

आतां ती पहाट. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून माणसें उशिरां, दमून झोपलीं होतीं. चारला चार मिनिटें कमी असतांना किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारें ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबानें मध्यमच. परंतु सरकारी मोजणीनेंहि साडेसात हजारांहून अधिक माणसें गेलीं. दख्खनचें पठार अचल आहे असें आम्हीं शाळेंत शिकलों होतों. १९६७ मध्यें कोयनेनें इशारा दिला होता. पण तो कोयनेपुरता, असें मराठवाड्यानें मानलें.

माणसें मेलीं तीं धरणीच्या हालण्यानें नव्हे, घरांखालीं. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना जें आढळलें तें ऐकून मन विषण्ण होतें. भिंत बाहेरून एक दिसे, पण ती आंतून दोन होती. बाहेरचा दर्शनी थर वेगळा, आंतला वेगळा, आणि मध्यें खडी-गोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसतांच दोन थर फांकले व भिंत फुगून कोसळली. कोपरे एकमेकांत गुंतविलेले नव्हते. वर छपराचा भार. आणि तो भार कशाचा? दर मृगाला प्रेमानें चढविलेल्या पाट्यांचा. कित्येक घरांवर मातीचा थर दोन फुटांपर्यंत गेला होता. गळती थांबविण्याची गृहिणीची काळजीच पिढ्यान्‌पिढ्या सांचत गेली होती. ज्यांना दगडी घर परवडत नव्हतें, जे गांवाच्या कडेला कुडाच्या झोपडींत राहत होते, त्यांतले पुष्कळजण वांचले. चिरेबंदी वाड्यांतले गेले.

तरी येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. जेथें छपराचा भार खरोखर लांकडी खांबांवर होता, भिंतीवर नव्हता, तेथें कित्येकदां भिंती पडूनहि माळवद उभें राहिलें. सुतारानें आपलें काम केलें होतें. चूक भिंतीच्या रचनेंत होती. आणि किल्लारी ज्या तालुक्यांत मोडतें त्याच तालुक्याचा औशाचा कोट आजहि उभा आहे. ही तुलना थोडी अन्यायाची आहे हें मला कबूल आहे. कोट भूकंपाच्या केंद्रापासून दूर होता, आणि राजाचा खजिना शेतकऱ्याच्या कनवटीला नसतो. पण दगड तोच होता, काळा. फरक होता तो चुन्याचा आणि दगड बांधण्याच्या शिस्तीचा.

दूरच्या दोन उदाहरणांनीं हें अधिक स्पष्ट होईल. इराणांतील बम येथील कच्च्या विटांचा प्राचीन कोट २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपांत जवळजवळ धुळीस मिळाला. उलट काश्मिरांत ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपांत 'धज्जी दिवारी' पद्धतीचीं जुनीं घरें नव्या दगडी घरांपेक्षां चांगलीं टिकलीं; तेथें लांकडाच्या चौकटी करून त्यांत दगडमाती भरतात, व भिंत तुकड्या-तुकड्यांनीं हलते पण सुटत नाहीं. माती दोहींकडे होती.

पण भयाला असा भेद कळत नाहीं, आणि कळावा अशी अपेक्षाहि करूं नये. ज्यानें आपलीं मुलें दगडांखालून काढलीं त्याला पुन्हां दगडाखालीं झोप असें सांगण्याचा अधिकार कोणाला? ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जमिनीच्या मानानें घरें मिळालीं: अडीचशें, चारशें आणि साडेसातशें चौरस फुटांचीं. रस्ते सरळ, रुंद, काटकोनांत. बैल बांधावयाचा कोठें, कडबा रचावयाचा कोठें, चार घरांच्या बायकांनीं सायंकाळीं टेकावयाचें कोठें, हे प्रश्न नकाशांत फारसे नव्हते. जीं गांवें हललीं नाहींत तेथें मात्र दुरुस्तीचा एक शहाणा उपाय शिकविला गेला. भिंतींत मधून मधून आरपार भोंक पाडावयाचें, त्यांत लोखंडी आंकडा ठेवून काँक्रीट भरावयाचें, आणि छपरावरची माती कमी करावयाची. म्हणजे जो दगड पूर्वींच्या गवंड्यानें बसवावयास हवा होता तोच उशिरां बसविणें.

माझ्या आजोळच्या घराला त्या पहाटे तडे गेले, तें पडलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं मामांनीं माळवद उकरावयास घेतलें. मी तेथें होतों. कुदळीनें कापलेल्या मातीच्या कडेला थर स्पष्ट दिसत होते, झाडाच्या बुंध्यावरच्या वलयांसारखे. कोठें किंचित्‌ पिवळसर, कोठें राखी. मामांचा धाकटा मुलगा ते मोजूं लागला आणि चाळिसाच्या पुढें त्याचा हिशेब चुकला. आजी खालीं अंगणांत बसून होती. माती पाट्यांनीं खालीं येत होती, आणि ती परसांत एका बाजूला रचून ठेवा, पावसांत वाहूं देऊं नका, असें ती गड्यांना पुन्हां पुन्हां बजावीत होती.