उन्हाची ऊब राखणारी टांकी

तांब्याचा बंब आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. मध्यें निखाऱ्यांची नळी, भोंवतीं पाणी. विस्तव विझला कीं पाणीहि हळूहळू निवूं लागे. पाणी तापविणें सोपें, तें तापलेलें राखणें अवघड. ही अडचण अमेरिकेंत कशी सुटली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प यांनीं इ. स. १८९१ मध्यें सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. कांचेचें झांकण असलेल्या लांकडी पेटींत काळ्या रंगाच्या लोखंडी टांक्या ठेवावयाच्या, एवढीच त्यांतील युक्ति. कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना गांवीं १८९७ पर्यंत शेंकडा सुमारें ३० घरांत हें यंत्र पोहोंचलें. परंतु त्यांत एक मोठें वैगुण्य होतें. जी टांकी ऊन झेली, तीच पाणी सांठवी. आणि जी कांच दिवसा ऊन आंत घेई, तिच्यांतूनच रात्रीं ऊब निघून जाई. दुपारीं कढत असलेलें पाणी पहांटे गार होई.

विल्यम बेली यांनीं १९०९ सालीं हीं दोन कामें वेगळीं केलीं. कांचेखालीं बारीक नळ्या ठेविल्या. टांकी मात्र त्यांच्याहून उंच, ऊब बाहेर जाऊं न देणाऱ्या आवरणांत बसविली. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप टांकींत चढे, तेथील थंड पाणी नळ्यांत उतरे. पंपाची गरजच नव्हती. या यंत्राला त्यांनीं नांव दिलें ‘डे अँड नाइट’, म्हणजे अहोरात्र.

१९१३ च्या जानेवारींत तेथें कडाक्याची थंडी पडली आणि पाणी गोठून नळ्या फुटल्या. तेव्हां बेलींनीं नळ्यांत पाणी व मद्यार्क यांचें मिश्रण भरलें आणि तें टांकींतील वेटोळ्यांतून खेळविलें. थंडीवर त्यांनीं मात केली. स्वस्ताईवर मात्र करतां आली नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत तेथें नैसर्गिक वायु मुबलक मिळूं लागला, आणि उन्हाचा धंदा बसला. टांकी मात्र टिकली. बेलींनीं आपल्या वायूवरील यंत्रांतहि तीच आवरण घातलेली टांकी वापरली.

आज पुण्यांतील अनेक गच्च्यांवर उन्हाच्या नळ्या आणि त्यांच्यावर आडवी टांकी दिसते. आपलें लक्ष प्रथम चकाकत्या कांचेकडे जातें. पण रात्र उलटल्यावर पहिली बादली ऊन पाण्यानें भरते, ती त्या मुक्या टांकीमुळें. उष्णता मिळविणाराचें नांव होतें. स्नान घडतें तें राखणाराच्या कृपेनें.