कुंडीतला वाटाणा आणि कुठेच न उगवलेलं ट्युलिप

१९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांना भांडवल हवं होतं. नुसत्या बोलण्यावर पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर त्याची वाढ थांबत थांबत टिपली. पडद्यावर अंकुर बघता बघता वर आला. ‘अंकुराची वाढ’ने पैसेवाल्यांची खात्री पटली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला.

असा सरसर वाढणारा वाटाणा कुणी पाहिला नव्हता. तरी तो खोटा नव्हता.

त्याआधी, १८९९ मध्ये, सावे दादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती जशीच्या तशी टिपली होती. फाळक्यांचा पिंड मात्र जादूगाराचा. आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं ते जादूचे प्रयोग करत. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनी अण्णा साळुंके या एकाच नटाकडून करून घेतल्या. पण डोळ्यांना चकवायचं तरी कॅमेऱ्यासमोर कुणीतरी उभं राहावंच लागे.

आता तीच अट सुटली आहे. २०१४ मध्ये संगणकशास्त्रज्ञ इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी दोन न्यूरल नेटवर्क एकमेकांविरुद्ध झुंजवण्याची पद्धत मांडली: एकानं चित्र रचायचं, दुसऱ्यानं ते खऱ्या नमुन्यांशी ताडून बनावट ओळखायचं. पकडलं गेलं की पहिलं सुधारतं.

ब्रिटिश कलावंत ॲना रिडलर हिनं याच पद्धतीनं ‘मोझॅक व्हायरस’ ही चलत्‌चित्रकृती केली. तिच्यातली ट्युलिपं उमलतात, मिटतात. पाकळ्यांवरचे पट्टे बिटकॉइनच्या भावानुसार बदलतात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ट्युलिपच्या कंदांवर सट्टा चाले, आणि सर्वांत महाग पट्टेदार फुलांचे पट्टे एका विषाणूमुळे उमटत. कृतीचं नाव त्यावरूनच आलं.

फाळक्यांच्या वाटाण्यासारखंच हेही पडद्यावर वाढणारं रोप. मात्र त्याला कुंडी नाही, माती नाही. असं फूल कधी कुठल्या वाफ्यात उगवलंच नाही. म्हणून वास्तववादाचा जुना प्रश्न, ‘कॅमेऱ्यानं हे कसं दाखवलं?’, इथे लागूच पडत नाही. विचारायचं ते हे, की यंत्राला काय दाखवलं होतं?

रिडलरकडे त्याचं उत्तर आहे. नेदरलँड्समध्ये खऱ्या ट्युलिपांचे सुमारे १०,००० फोटो तिनं स्वतः काढले, त्यांची वर्गवारीही स्वतःच केली. ती सामग्री तिनं लपवली नाही. ‘मिरियड’ या वेगळ्या कलाकृतीत भिंतभर मांडली.

फाळक्यांनीही ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) असंच काही केलं होतं. कृष्ण झालेली त्यांची लेक मंदाकिनी सुरुवातीला साध्या रूपात येते, चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. रिडलरच्या भिंतीवरही प्रत्येक फोटोखाली हातानं लिहिलेली टिपणं आहेत: रंग कोणता, पट्टे आहेत की नाहीत, फूल कळी आहे की पुरतं उमललेलं.