योसेफचा हात पोचेल तिथवर

ऍडव्हेंचर गेम नक्की कोणी मारले यावर गेमिंगवाल्या मंडळींमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. आरोपी ठरलेले: थ्रीडी कार्ड्स, गोळीबाराचे गेम, कन्सोल. मला विचाराल तर पुरावा १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३' मध्येच सापडतो. नायकाला मोटरसायकल भाड्यानं हवी असते, त्यासाठी त्याला मित्राचं सोंग घ्यायचंय. मग काय, मांजराचे केस मिळवा आणि मेपल सिरपनं ओठावर चिकटवून खोटी मिशी लावा. गंमत म्हणजे त्या मित्राला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही मिशी काढायची. धन्य!

असलं कोडं विचार करून सुटत नाही. माणूस खिशातली प्रत्येक वस्तू पडद्यावरच्या प्रत्येक जागेला लावून बघतो. पंधरा वस्तू, वीस जागा, तीनशे प्रयत्न. आमच्या धंद्यात याला ब्रूट फोर्स म्हणतात आणि त्याचा निदान पगार तरी मिळतो. :)

१९९८ चा 'ग्रिम फँडँगो' समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण तो फारसा खपला नाही. मार्च २००४ मध्ये लुकासआर्ट्सनं 'सॅम अँड मॅक्स'चा तयार होत असलेला दुसरा भाग रद्द केला. मोठ्या कंपन्यांच्या लेखी विषय संपला.

तोवर तिकडे प्रागमध्ये भलतंच काही चालू होतं. याकुब ड्वोर्स्की नावाच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यानं २००३ मध्ये डिग्रीचा प्रोजेक्ट म्हणून 'सामोरोस्त' नावाचा छोटासा गेम केला. फ्लॅशमध्ये, ब्राउझरमध्ये चालणारा, फुकट. ना संवाद, ना मेनू. दिसेल त्यावर क्लिक करा आणि काय होतं ते बघा. त्याच याकुबच्या अमानिता डिझाइननं १६ ऑक्टोबर २००९ ला 'मशिनेरियम' आणला. सात माणसं, तीन वर्षं, पैसे स्वतःच्या बचतीतले आणि जाहिरातीचं बजेट म्हणे एक हजार डॉलर.

गेमचा नायक योसेफ हा एक डबडा रोबॉट. कुणीतरी त्याला शहराबाहेरच्या भंगारात फेकलंय, तिथून स्वतःचे सुटे भाग जुळवत तो परत शहरात शिरतो. नाव उगाच ठेवलेलं नाही. 'रोबॉट' हा शब्दच मुळात चेक. कारेल चापेकच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर गेला, पण शब्द सुचवला होता त्याचा भाऊ योसेफ यानं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जुन्या गेममध्ये नायक दाराशी उभा असताना तुम्ही कोपऱ्यातल्या खिळ्यावर क्लिक करू शकत होता, त्यामुळे माउस इंच इंच फिरवत बसणं आलंच. योसेफला मात्र त्याचा हात पोचेल तेवढ्यालाच हात लावता येतो. त्याला उंच करता येतं, बुटकं करता येतं. म्हणजे आधी विचार करायचा की इथं उभं राहून याला काय जमेल. एका साध्या नियमानं निम्मी आंधळी शोधाशोध संपवली. पण अडकलात की हाच नियम उलटतो. प्रत्येक जागी जा, उभं राहून बघा, लांब होऊन बघा, आखडून बघा... म्हणजे गुणाकार परत आला, या वेळी तीननं!

शब्द नसण्याचंही तसंच. योसेफच्या आठवणी आणि इतरांच्या मागण्या डोक्यावरच्या फुग्यात चित्रांनी दिसतात. वाचता न येणारी माझी भाची शेजारी बसून मला उपाय सांगते, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. तुटक्या वाद्यांचे रस्त्यावरचे वादक, गंजकी गल्लीबोळं आणि टोमाश ड्वोर्झाकचं संगीत, यांना भाषांतर लागतच नाही. सात जणांच्या टीमला डझनभर भाषांचा खर्च वाचला हा वेगळा फायदा. पण काळ्या टोप्यांची गुंडांची टोळी बॉम्ब का ठेवते, योसेफवर त्यांचा राग का, हे फुग्यात मावत नाही. खलनायक खोडकर पोरांच्या वर जात नाहीत.

शिवाय उत्तरार्धात गोष्ट मागे पडते आणि सुटी कोडी पुढे येतात. बारमध्ये एका रोबॉटला सलग पाच गोट्यांच्या खेळात हरवा, मग आर्केड मशीनवर खेळा. कोडी वाईट नाहीत, पण ती योसेफची वाटत नाहीत, रविवारच्या पुरवणीतली वाटतात. सुरुवातीला वाहतुकीचा शंकू रंगवून पोलिसाची टोपी बनवतो ना, ते खरं त्याचं कोडं. जाता जाता एक दाद: उत्तरांचं पुस्तक गेममध्येच आहे, पण ते उघडायला दर वेळी किल्लीचा एक रटाळ खेळ खेळावा लागतो. आळशी माणसाला बरोब्बर टोचणारी फी!

पैशांची गोष्ट जास्त बोचरी आहे. गेमला कॉपी-प्रोटेक्शन नव्हतं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं सांगितलं की खेळणाऱ्यांपैकी जेमतेम ५ ते १५ टक्क्यांनी पैसे मोजलेत. त्यावर त्यांनी ना खटला भरला, ना शिव्या दिल्या. 'चोरांना माफी' म्हणून आठवडाभर वीस डॉलरचा गेम पाचला विकला. वीस डॉलर म्हणजे तेव्हाचे नऊशेच्या वर रुपये. फुटपाथवरच्या सीड्यांवर वाढलेल्या आपल्या पिढीनं यावर फार मान वर करून बोलू नये.

उरला फ्लॅश. ज्याच्यामुळे चित्रकार मंडळी गेम करू शकली, त्याचं ओझंही त्यांनीच वाहिलं. २०११ मध्ये गेम आयपॅडवर आला तो फक्त आयपॅड २ वर. २०१७ मध्ये तर त्यांनी पूर्ण गेम नव्या इंजिनात परत लिहिला. पुढे ३१ डिसेंबर २०२० ला ऍडोबीनं फ्लॅश प्लेयरचा सपोर्टच थांबवला आणि त्या काळचे असंख्य छोटे गेम ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. 'सामोरोस्त'ही त्यातलाच. तो त्यांनी २०२१ मध्ये नव्यानं बनवून पुन्हा फुकट दिला. अर्ध्या तासात संपतो, आधी तोच खेळा.